फुलाचं नाव विसरा

पेढ्यांचा बॉक्स रिकामा झाला की टाकून देण्याआधी त्याच्या चिकटवलेल्या कडा सोडवा आणि तो सपाट पसरून पाहा. चारी बाजूंनी पंख फुटलेला, कुठे चीर, कुठे नुसती घडीची रेघ, कुठे खाचेत अडकणारी जीभ असलेला एक आकार समोर येईल. हे कात्रीचं काम नाही. यंत्राच्या एका दाबात तो अख्खा आकार पुठ्ठ्यातून सुटा झालेला असतो. औषधाचं खोकं, साडीची पेटी, लग्नपत्रिकेची महिरपी कड, सगळ्यांचा जन्म असाच. डाय-कटिंग म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचा महागडा छंद, असं लातूर जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये मला अनेकींनी ऐकवलं आहे. पण ते आपल्या घरात केव्हाच येऊन बसलेलं आहे, पेढ्यांबरोबर.

छापखान्यात या कामाला पंचिंग म्हणतात. जाड प्लायवूडवर आकार आखायचा, त्या रेघेवर करवतीने बारीक फट पाडायची आणि फटीत पोलादी पात वाकवून ठोकायची. कापणारी पात धारदार. घडी पाडणारी पात बोथट आणि अगदी किंचित बुटकी. पातीच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे चिकटवले की दाब सुटताच कागद वर ढकलला जातो, पातीत अडकून राहत नाही. हा झाला डाय. पूर्वी खिळे जुळवून ज्यांवर छपाई व्हायची, ती ट्रेडल यंत्रं ऑफसेट आल्यावर भंगारात जायची होती. अनेक छापखान्यांनी ती पंचिंगला लावली. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत त्यांचा खडखडाट चालू असतो.

घडीची आणि कापायची पात एकाच फळीवर बसवण्याची कल्पना एका चुकीतून आली, असं सांगतात. १८७९ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट गेअर या कारखानदाराकडे बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. घडी पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली आणि पिशव्या दुमडण्याऐवजी कापल्याच गेल्या. नुकसान झालं, पण कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होऊ शकतं हे गेअरला दिसलं. आजचा प्रत्येक घडीचा खोका त्याच वाटेने आला आहे.

टेबलावर ठेवून हाताने दांडा फिरवायच्या छोट्या यंत्राचा उगम मात्र शाळेत आहे, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या आयकेनबर्ग दांपत्याने १९७७ मध्ये एलिसन ही कंपनी काढली, ती शाळेच्या फलकांसाठी कागदी अक्षरं कापायला. हाताने अक्षरं कापण्यात जाणारा वेळ वाचावा, एवढाच हेतू. त्याच कंपनीचं घरगुती यंत्र पुढे सिझिक्स या नावाने जगभरच्या हौशी लोकांकडे पोचलं. म्हणजे ही शुभेच्छापत्रांची चैन नव्हती. हे शिक्षकांचं अवजार होतं.

आता मूळ मुद्दा. यंत्र घेतलं किंवा स्टेशनरीच्या दुकानातून छोटा क्राफ्ट पंच आणला की पहिल्या दिवशी फुलपाखरं निघतात आणि कार्डावर फुलपाखरं म्हणून चिकटतात. दुसऱ्या दिवशी फुलं निघतात, ती फुलं म्हणूनच चिकटतात. आठवड्याभरात कंटाळा येतो आणि यंत्र माळ्यावर जातं. दोष यंत्राचा नसतो. आपण पाकिटावर छापलेलं नाव वाचून त्या आकाराला तिथेच बांधून टाकतो. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी पाकिटं फाडायला लावते. हे फूल आहे, हे पान आहे, हे विसरा. ही एक वळणदार कड आहे. तिचं काय काय होईल?

बदाम घ्या. टोकाला टोक लावून चार बदाम ठेवले की चार पाकळ्या होतात. मधोमध दुमडला की पक्ष्याचा पंख. ओळीवर ओळ, अर्धी झाकत गेलात की माशाचे खवले, आणखी पसरलात की मोराचा पिसारा. दोन मोठे बदाम थोडे तिरके लावले की गणपतीचे कान. थेंबाच्या आकाराचं तर विचारूच नका. केशरी कागदातून कापला तर ती पणतीची ज्योत. पिवळट पांढऱ्या कागदातून कापलेले बारीक थेंब देठाभोवती एकमेकांवर चढवत गेलं की टपोऱ्या ज्वारीचं कणीस उभं राहतं. आमच्या भागात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसेला, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात. गेल्या वर्षी एका सातवीतल्या मुलीने अरुंद पट्ट्यांच्या डायने कडबा कापला, पट्ट्या उभ्या लावून कोप केली आणि बाजूला थेंबांची कणसं उभी केली. त्या पट्ट्यांच्या पाकिटावर ‘कुंपण’ असं छापलेलं होतं. नाताळची झाडं आणि बर्फाचे कण असलेले डाय आपल्याकडे विकायला येतात. पण त्यांच्यातून कोप काढायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

साच्यातून काढलेली ती कसली कला, असं विचारणारेही भेटतात. त्यांना मी तेरला जायला सांगते. मुरुडहून ढोकीमार्गे जवळच आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या या बाहुल्या दुहेरी साच्यातून काढलेल्या: पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे. दोन हजार वर्षांपूर्वी हा उद्योग आपल्याच शिवारात चालू होता, आणि आज त्या मूर्ती काचेच्या कपाटात मानाने ठेवल्या आहेत. साचा वापरला म्हणून त्यांचं मोल कमी झालेलं नाही.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात श्रीमंत आकार गोल. वीस सारखे गोल कापा. त्यातल्या एकाची कड दुमडून बरोबर मध्यबिंदूला टेकवा. असं तीनदा केलं की आत समभुज त्रिकोण तयार होतो. कंपास नको, कोनमापक नको. हा नमुना धरून बाकीच्या एकोणीस गोलांवर तोच त्रिकोण दुमडायचा. कडेच्या तिन्ही पाळ्या उभ्या ठेवायच्या आणि पाळीला पाळी चिकटवत जायचं. पाच गोलांची वरची टोपी, पाच गोलांची खालची टोपी आणि मधे एक सुलट एक उलट असा दहा गोलांचा पट्टा. तिन्ही जोडले की वीस त्रिकोणांचा पोकळ चेंडू हातात येतो. पतंगी कागद टिकत नाही, कार्डशीटच घ्या. खालचा एक गोल चिकटवला नाही की आत एलईडी दिवा सोडता येतो, आणि दिवाळीचा आकाशकंदील तयार. भूमितीच्या तासाला हाच चेंडू विंशतिफलक म्हणून दाखवता येईल. छापखान्यात गोलाचा डाय करून घेताना आत त्रिकोणाची बोथट पात बसवायला सांगितली तर कापणं आणि घडी एकाच दाबात होते. चाळीस मुलांच्या वर्गाला दुमडायचं आणि चिकटवायचं तेवढंच उरतं.

हाताच्या यंत्राच्या दोन-तीन युक्त्या इथेच सांगते. डाय रुळाखाली सरळ न घालता थोडा तिरका घालावा, म्हणजे सगळी धार एकदम दाबाखाली येत नाही आणि दांडा हलका फिरतो. नाजूक नक्षीत कागद अडकत असेल तर मधे बटर पेपरचा तुकडा ठेवावा. कापायची पाटी दर वेळी उलटावी, नाहीतर ती एका बाजूला वाकते. आणि डायचा काही भाग मुद्दाम पाटीच्या बाहेर ठेवला तर तेवढा कापला जात नाही. फूल अर्धं सुटतं, अर्धं कागदालाच धरून राहतं आणि उभं करता येतं. दुमडलेल्या कार्डाची घडी धारेच्या थोडी आत येईल अशी ठेवून कापलं की बदामाच्या आकाराचं उघडमिट होणारं कार्ड मिळतं. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवसापासून मुली यंत्राला घाबरत नाहीत.

आकार निघून गेल्यावर जे उरतं, त्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. वाटीने पुऱ्या कापल्या की उरलेली कणीक पुन्हा मळून लाटता येते; कागद पुन्हा मळता येत नाही. म्हणून त्याची उरलेली जाळी टाकायची नाही. छापखान्यातून मी पंचिंगचा कचरा गोणीने आणते तेव्हा तिथले कामगार विचारतात, “ताई, ही जाळी नेऊन काय करायलात?” मी सांगते, कागदाची खरी कमाई तीच आहे. उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा ठिपक्यांचा कागद आपल्या आयांनी वर्षानुवर्षं जपून ठेवला. त्या कागदात कामाचं होतं ते भोकच. मथुरेची सांझी कला तर याच तत्त्वावर उभी आहे: कागदात कात्रीने नक्षी कोरायची, तो कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रंग गाळायचा. कापून काढलेला तुकडा बाजूला पडतो, देवापुढे उमटते ती मोकळी जागा. फ्रान्सचा चित्रकार आंरी मातीस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फारसा उभा राहू शकत नव्हता. तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं केली. कापलेला आकार आणि त्याच्या भोवतीचा उरलेला कागद, दोन्ही त्याने चित्रात घेतले.

तर जाळीचं काय करायचं? मागून रंगीत पतंगी कागद लावून ती खिडकीत टांगा. रांगोळीवर ठेवून रंग चाळा. ओळीने दोऱ्यावर चिकटवून पताका करा. सावलीतही नक्षी पडते. महालक्ष्म्यांच्या आरासीत मागचा पडदा जाळीचा करा आणि त्यामागे दिवा ठेवा. थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा आता आरास कशाची करायची, असा प्रश्न घरोघरी पडला होता. मुंबईच्या ‘उत्सवी’चे नानासाहेब शेंडकर यांनी पुठ्ठ्याची घडी होणारी मखरं करून त्याचं उत्तर त्याआधीच दिलं होतं. ते मखर तरी काय, कापलेली आणि घडीची रेघ पाडलेली पुठ्ठ्याची पानंच. विसर्जनानंतर दुमडून कपाटावर ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी करायची.

कागद विकत आणायची गरज फार कमी पडते. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांची चळत असते आणि पत्रिकेचा कागद डायला अगदी योग्य, साधारण २५० ते ३०० जीएसएमचा. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो. त्यात आकार लुळा पडतो. पत्रिका टाकवत नाही याचं कारणही मला ठाऊक आहे: वर गणपती असतो. तो भाग आधी काळजीने वेगळा कापावा, मागे जाड कागद लावून मुलांच्या पुस्तकात खूण म्हणून द्यावा. बाकीचं पान मोकळं होतं. चकचकीत प्लास्टिकचा थर असलेल्या पत्रिकेवर फेविकॉल धरत नाही, तिथे डबल टेप लावा.

आणि आता अक्षरं. तयार मिळणारे डाय बहुतेक इंग्रजी अक्षरांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई मात्र आजही रात्री जेवणानंतर कार्डशीटवर क, ख, ग आखून कात्रीने कापत बसतात. १९७७ मध्ये जे दुखणं यंत्राने बरं केलं, ते आपल्याकडे अजून तसंच आहे. खरं तर देवनागरी या कामाला फार सोयीची आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी पडतात, ‘कमळ’ मात्र एका पट्टीला लटकलेलं निघतं आणि तसंच तोरणाला बांधता येतं.

लातूरसारख्या शिक्षणाच्या गावात बाराखडीच्या डायचा संच का नसावा? व्यंजनं वेगळी, स्वरचिन्हं वेगळी कापायची. काना म्हणजे नुसती पट्टी. मात्रा म्हणजे तिरकी वळलेली पट्टी. वेलांटी आणि उकार यांचे डाय एकदा केले की सगळ्या व्यंजनांना चालतात. अनुस्वार आणि विसर्गासाठी तर डायच नको; कार्यालयातल्या पंचिंग मशीनच्या पोटात ते साठलेले असतात. पहिलीच्या मुलाने ‘म’ला स्वतःच्या हाताने काना लावला, मग तो काढून वेलांटी लावली, की मा आणि मी यांतला फरक त्याच्या बोटांना कळतो. ग, म, न, प, त, र यांची वळणं सोपी, पात सहज बसते. एक केंद्रशाळा डाय करून घेऊ शकते आणि केंद्रातल्या सगळ्या शाळांना तो पाळीपाळीने वापरता येतो. पात बोथट झाली तर बदलता येते, फळी तीच राहते.

छापखान्यातल्या काकांना मी हे विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर अक्षरं काढून पाहिली. ह आणि ळ यांच्या वेढ्यात पोलादी पात एवढी वळत नाही, मोडते, असं ते म्हणाले. बरोबर आहे, ती दोन अक्षरं आणि क्ष, ज्ञ लातूरला लेझरवर कापून आणावी लागतील. पुढच्या शिक्षण परिषदेत कुणीतरी हा विषय काढावा. अक्षरांचे नमुने मी मोठ्या आकारात आखून ठेवले आहेत, हवे त्यांनी घेऊन जावेत.