वर्गापर्यंत पोहोचणारे संशोधन

निघोजे-चाकणच्या वाहन कारखान्यांत दाखल होणारा अभियंता महाविद्यालयात नेमका कसा शिकला, हा प्रश्न गांभीर्याने हाताळणारे एक संशोधनपत्र महाराष्ट्रातूनच निघते, आणि ही अभिमानाची बाब आहे. ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ हे त्रैमासिक सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतर्फे प्रकाशित होते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदवीक्रमांना परस्पर मान्यता देणाऱ्या व्यवस्थेचा, कायम सदस्य झाल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येऊ लागले हे तपासणारे निष्पत्ती-आधारित शिक्षण महाविद्यालयांना अपरिहार्य ठरले. या संशोधनपत्रात त्याची चर्चा होतेच, शिवाय प्रकल्पाधारित अध्यापन आणि व्याख्यान घरी चित्रफितीवर पाहून वर्गाचा वेळ उदाहरणे सोडवण्यास देणारी ‘फ्लिप्ड क्लासरूम’ हे विषयही येतात. अशा नियतकालिकांचे वजन बहुधा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ने, म्हणजे आधीच्या दोन वर्षांतील लेखांना एखाद्या वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले यावरून, जोखले जाते, मात्र संशोधकांनी एकमेकांची दखल घेतली एवढेच त्यातून कळते, वर्गातील बदल त्यात उमटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये ‘केअर’ ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची सूची बंद केल्याने पारख करण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर आली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील महाविद्यालयांनी ही पारख करताना बढतीच्या गुणांचा हिशेब बाजूला ठेवावा, आणि कारखान्यांतील प्रशिक्षकांना अशा संशोधनात सहलेखक म्हणून सामावून घ्यावे.