मापात न सापडणारी तूट

सुरतेहून नवापूरमार्गे खानदेशात परतणारा गाडीवाला सीमेच्या अलीकडेच टाकी भरून घेतो. गुजरातेत पेट्रोल स्वस्त पडते. दर तो चोख पाहतो, संशय आला तर पाच लिटरचे माप मागतो. टाकीत काय पडते, हे मात्र विचारत नाही. पेट्रोल रिफायनरीतूनच तयार होऊन येते, ही आपली समजूत. प्रत्यक्षात शेवटचा, इथेनॉल मिसळण्याचा हात फिरतो तो हजिऱ्यासारख्या ठिकाणच्या डेपोत. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून त्याला पाइपलाइनची वाट चालत नाही. ते टँकरने वेगळे येते आणि डेपोत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २००१ साली मिरज, मनमाडला या मिश्रणाचे प्रयोग झाले. तेव्हाच्या ५ टक्क्यांचे आता २० टक्के झाले आहेत.

ही भेसळ नव्हे. उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळते, परकीय चलन वाचते, ऑक्टेनही वाढतो. प्रश्न मापाचा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. पाच लिटर मिश्रणात एक लिटर इथेनॉल. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत जवळजवळ ३३० मिलिलिटर पेट्रोलची ऊर्जा कमी. पंपावरच्या पाच लिटरच्या मापात चालते ती तूट २५ मिलिलिटरची. तिच्यापुढे गेले की वैधमापनवाले बडगा उगारतात. ही दुसरी तूट मात्र कोणत्याच मापात सापडत नाही, कारण माप काठोकाठ भरलेले असते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ही गोष्ट ओळखली होती. असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावे, असे त्यात सुचवले होते. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालय म्हणाले, इथेनॉलच रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग पडते, सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर. शेतकऱ्याला भाव जरूर द्यावा. पण तो गाडीवाल्याच्या मायलेजमधून जात असेल, तर तसे उघड सांगावे.

पंपाच्या पावतीवर नोझलचा क्रमांक असतो, घनतेचा रकाना असतो, कधी गाडीचा नंबरही. त्याच कागदावर इथेनॉलचा टक्का छापायला शाई ती कितीशी लागणार?