अनुपस्थितीची कैफियत

ऑस्ट्रेलियात निवडणूक जाहीर झाली, की आपल्या मंडळींच्या गप्पांत एक उद्गार हमखास कानी येतो, आणि तो असा की दोन्ही मोठे पक्ष एकाच माळेचे मणी, तेव्हा यंदा मत कोणालाच द्यायचे नाही. असे बोलणारी माणसे अजाण किंवा आळशी असतात असे मुळीच नाही. त्यांतली कित्येक वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारी असतात, आणि निर्वासितांना नाऊरूसारख्या बेटावर डांबून ठेवण्याच्या धोरणात या दोन पक्षांमध्ये डावे-उजवे करणे कठीण आहे, हे त्यांचे निरीक्षण निराधार म्हणता येत नाही. माझा मतभेद आहे तो त्या निरीक्षणावरून काढलेल्या अनुमानाशी, म्हणजे मत न देणे हाच निषेध होय या समजुतीशी. ज्या नकाराची कारणासह व नावानिशी कोठेच नोंद होत नाही, त्याला निषेध म्हणवून घेण्याचा अधिकार पोहोचत नाही. आणि अशी नोंद झाली, तरी आपण सोडलेल्या जागेवर जो कोणी येऊन बसेल, त्याच्या बऱ्यावाईट कारभाराचा काही अंश आपल्या खाती पडल्यावाचून राहत नाही.

या देशात हा प्रश्न जितका स्पष्टपणे समोर येतो तितका इतरत्र येत नाही, कारण येथे घरी बसून राहण्याची मुभाच नाही. १९२२ च्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्या खाली घसरले, तेव्हा टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी १९२४ साली सक्तीच्या मतदानाचे खासगी विधेयक आणले. ते फारशी चर्चा न होता संमत झाले, आणि पुढच्याच वर्षी मतदान ९१ टक्क्यांवर गेले. तेव्हापासून केंद्रीय निवडणुकीत जो मतदार हजर राहत नाही त्याला निवडणूक खात्याचे पत्र येते आणि त्याच्यापुढे दोन मार्ग राहतात: गैरहजेरीचे सबळ व पुरेसे कारण लिहून द्यावे, नाहीतर दंड भरावा, जो आज वीस डॉलर आहे. माझ्या माहितीतले लोक एकतर निमूटपणे वीस डॉलर भरतात, नाहीतर प्रकृतीच्या सबबीवर वेळ मारून नेतात. कारणाच्या जागी खरोखरीचे राजकीय कारण लिहिणारा माणूस विरळा. आणि तसा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, त्याची हकीकत आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडण्याजोगी आहे.

अर्नेस्ट जड हे सिडनीतील समाजवादी मजूर पक्षाचे कार्यकर्ते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कटाच्या आरोपावरून तुरुंगात गेलेल्या बारा कामगार चळवळ्यांच्या सुटकेसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केलेली होती, तेव्हा सरकारदरबारी त्यांचे नाव अपरिचित असण्याचा संभव नव्हता. नोव्हेंबर १९२५ च्या निवडणुकीत सिनेटसाठी त्यांनी मत दिले नाही, आणि खात्याची विचारणा आली तेव्हा कोणतीही सबब न सांगता त्यांनी रीतसर कैफियत दिली: उभे असलेले सर्व उमेदवार ज्या पक्षांचे आहेत ते सारे पक्ष भांडवलशाही टिकवू पाहतात, युद्ध, बेकारी, वेश्याव्यवसाय ही त्या व्यवस्थेची फळे आहेत, आणि अशा कोणालाही मत देण्यास माझ्या पक्षाने सभासदांना मनाई केलेली आहे. खटला झाला, दंड झाला, अपील थेट हायकोर्टापर्यंत गेले. १९२६ साली हायकोर्टाने बहुमताने निकाल दिला, की सर्वच उमेदवार नापसंत असणे हे कायद्याच्या दृष्टीने सबळ कारण होऊ शकत नाही. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. १९०७ साली हार्वेस्टर खटल्यात कामगाराच्या कुटुंबाला माणसासारखे जगता येईल एवढे वेतन मिळालेच पाहिजे असे ठरविणारे हिगिन्स ते हेच, त्यामुळे त्यांची सहानुभूती कोणीकडे झुकत असेल याचा तर्क करता येतो. परंतु त्यांचा मुद्दा केवळ सहानुभूतीचा नव्हता. विवेकबुद्धीने घेतलेली हरकत कारण म्हणून मुळी विचारातच घ्यायची नाही, असे कायद्याने कोठे म्हटले आहे, असा तो होता.

जड हरले, आणि मला वाटते कायद्याच्या कसोटीवर ते हरणे अपरिहार्य होते. तथापि त्यांच्या वागण्यात निषेधाची सर्व अंगे होती: आपण काय करीत आहोत हे त्यांनी सरकारला कळविले, का करीत आहोत हे लिहून दिले, त्याची किंमत मोजली, आणि त्यामुळेच आज शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकांत तो नकार वाचावयास मिळतो. त्याच निवडणुकीत जे हजारो मतदार आजारपणाने, प्रवासाने किंवा केवळ कंटाळ्याने घरी राहिले, त्यांच्याशी जड यांची गल्लत कोणीही करू शकत नाही.

आता आपल्या आजच्या मित्रांकडे वळू. ते दंडाच्या भीतीने शाळेतल्या मतदान केंद्रावर जातात, यादीत नावावर रेघ मारून घेतात, पुठ्ठ्याच्या आडोशात शिरतात, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलतच नाहीत, कोरी मतपत्रिका पेटीत टाकतात, आणि बाहेर येऊन सॉसेज घेताना आपण व्यवस्थेला नकार दिल्याचे समाधान मानतात. त्या कोऱ्या पत्रिकेचे पुढे काय होते हे पाहिले पाहिजे. ती अवैध मतांच्या गठ्ठ्यात जाते. २०२२ साली प्रतिनिधिगृहाच्या मतांत हा गठ्ठा पाच टक्क्यांच्या आसपास होता. आणि ही अवैध मते सर्वांत अधिक निघतात ती कोठे? सिडनीच्या पश्चिमेकडील फाउलर, ब्लॅक्सलंड, वॉटसन अशा मतदारसंघांत, जेथे घरोघरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते आणि आकडे कोठे व कसे लिहावेत याबद्दल पुष्कळांचा गोंधळ उडतो. ज्याला मत द्यावयाचे होते पण देता आले नाही, अशा व्हिएतनामी किंवा अरबी आजीबाईच्या चुकीवर आणि आमच्या सुशिक्षित मित्राच्या बाणेदारपणावर निकालपत्रकात एकच शिक्का बसतो.

भारतात नकाराच्या नोंदीचा हा प्रश्न अधिक बारकाईने हाताळला गेला. १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ४९-ओ अन्वये केंद्रावर येऊन नोंदवहीत सही केल्यानंतर ज्याला मत द्यावयाचे नसेल, त्याच्या नावापुढे केंद्राध्यक्ष तसा शेरा मारीत आणि त्या शेऱ्यावर मतदाराची सही किंवा अंगठा घेत. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या पी. यू. सी. एल. या संघटनेने २००४ साली तक्रार केली, की यामुळे नकार देणाऱ्याची गुप्तता भंग पावते. आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या खंडपीठाने मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, म्हणजेच नोटा, ठेवण्याचा हुकूम दिला. गावगुंडांच्या नजरेखाली अंगठा उठविणाऱ्या मजुराचा विचार केला, म्हणजे हा निकाल योग्यच ठरतो. पण त्याबरोबर सहीचा निषेध गेला आणि हाती आली एक संख्या, जिचा निकालावर काहीही परिणाम होत नाही. २०१९ साली लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०२४ साली इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर दोन लाखांहून अधिक मते नोटाला पडली. दोन्हीकडे विजयी उमेदवार निर्वेधपणे सभागृहात गेला. त्याच वर्षी सुरतेत एकच उमेदवार उरल्यामुळे तो बिनविरोध ठरला आणि मतदानच झाले नाही, म्हणजे नोटाचे बटण दाबण्याचीही सोय राहिली नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ साली स्थानिक संस्थांपुरते असे ठरविले, की नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. नकाराला काही फळ असावे ही अपेक्षा तेवढ्यापुरती तरी मान्य झाली.

सामुदायिक बहिष्काराचे बळ वेगळे, हे मी नाकारीत नाही. एप्रिल २०२४ मध्ये पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांत चार लाखांवर मतदार असताना एकही मत पडले नाही. स्वतंत्र प्रदेशाची त्यांची मागणी ठाऊक होती, तेव्हा या शून्याचा अर्थ लावण्यास कोणा पंडिताची गरज पडली नाही. परंतु त्या मतदारसंघातून खासदार निवडून गेलाच.

येथेच १९२० सालच्या महाराष्ट्राची आठवण काढणे प्राप्त आहे. टिळक त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निवडणुका लढविण्यासाठी काँग्रेस लोकशाही पक्षाचा जाहीरनामा काढून बसले होते. १ ऑगस्टला ते गेले, सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनाने असहकारिता स्वीकारली, आणि तीत कौन्सिलांवरील बहिष्कार अंतर्भूत होता. टिळकांच्या अनुयायांना तो मनापासून रुचला नव्हता. नरसिंह चिंतामण केळकर पुढे १९२३ साली निवडणूक लढवून मध्यवर्ती असेंब्लीत गेले, यावरूनच ते दिसते. आता बहिष्काराने कौन्सिले ओस पडली काय? मद्रासेत जस्टिस पक्षाने मंत्रिमंडळ बनविले. मुंबई कौन्सिलात, ज्यात काँग्रेसचा माणूस बसावयाचा नाही असे ठरले होते, सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव मांडला आणि तो संमत झाला. त्याच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. बहिष्कार घालणाऱ्यांनी सोडलेल्या सभागृहात भारताच्या सामाजिक इतिहासातील एक मोठे पाऊल पडले, ही गोष्ट आमच्या राष्ट्रीय चळवळीच्या वर्णनांत क्वचितच सांगितली जाते. मला तिच्यात आनंद वाटतो. पण बहिष्कारवाद्यांना त्याचे श्रेय घेता येत नाही, आणि सोडलेल्या जागी एखादा बोले येईलच याची हमी तर कोणीच देऊ शकत नाही.

प्रश्न उरतो तो येथे राहणाऱ्या, दोन्ही पक्षांवर रुष्ट असलेल्या मतदाराने करावे काय. मेलबर्नच्या अल्बर्ट लँगर यांनी एक मार्ग सुचविला होता: एक, दोन, तीन, तीन असे आकडे लिहावेत, म्हणजे आपले मत मोठ्या पक्षांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपेल. असा प्रचार करणे तेव्हा गुन्हा होता. मनाईहुकूम मोडल्याबद्दल १९९६ साली त्यांना तुरुंगात पाठविण्यात आले आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना विवेकबंदी ठरविले. पुढे तो गुन्हा कायद्यातून गेला, पण अशा पत्रिका अवैध ठरू लागल्या, आणि ती वाट बंद झाली. लँगर यांची अडचण खरी होती. पण याच अडचणीला १९७१ साली ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश बारविक यांनी दिलेले उत्तरही मला तितकेच खरे वाटते, की सारेच नावडते असले तरी नावडत्यांतही क्रम लावता येतो. मी स्वतः हिरव्या मतपत्रिकेवर आठ उमेदवार असले तर प्रथम आठाचा आकडा लिहितो, आणि त्या एका आकड्यात जो संतोष आहे तो पहिल्या पसंतीत सहसा मिळत नाही. पहिल्या पसंतीचे मोलही कमी नाही: चार टक्के मिळविणाऱ्या उमेदवाराला सरकारी खर्चनिधी मिळतो, मग तो निवडून येवो वा न येवो. २०२२ साली दोन मोठ्या पक्षांच्या पहिल्या पसंतीच्या मतांची बेरीज सत्तर टक्क्यांच्या खाली आली, आणि त्याच निवडणुकीत कुयाँग व गोल्डस्टीनसारखे त्यांचे जुने बालेकिल्ले अपक्ष स्त्रियांनी घेतले. त्या तीस टक्क्यांत पुष्कळ राग होता, आणि मोठ्या पक्षांच्या कचेऱ्यांत त्याची मोजदाद मतदारसंघवार झाली.

एवढे ऐकूनही ज्याला नकारच द्यावयाचा असेल, त्याने खात्याचे पत्र येईल तेव्हा प्रकृतीची सबब न लिहिता जड यांच्याप्रमाणे आपली खरी कैफियत लिहावी, ती नामंजूर होईल हे गृहीत धरून वीस डॉलर बाजूला ठेवावे, आणि तिची एक नक्कल या अंकाच्या संपादकांकडेही पाठवावी. ती छापण्याबद्दल त्यांच्याकडे शब्द टाकण्यास मी तयार आहे.