पासबुकावरील नाव

युगांडात १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. तरीही सातवीची परीक्षा झाली की अनेक मुलांची शाळा सुटते आणि त्यात आई-वडील गमावलेली मुले हमखास असतात. माध्यमिक शाळेची फी, गणवेश, वसतिगृह हे आजीच्या आवाक्याबाहेरचे. एड्सने नैर्ऋत्य युगांडातली मधली पिढीच नेली. तुकडाभर शेतीवर राबणारी आजी आणि तिच्या पदरात नातवंडे, असे घर तिथे नवलाचे नाही.

याच भागात समाजकार्याचे अभ्यासक फ्रेड सेवामाला यांनी ‘सुबी’ हा प्रयोग सुरू केला. लुगांडा भाषेत सुबी म्हणजे आशा. बँकेत मुलाच्या नावाने खाते, सोबत सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्याची सही. पैसे मुलाने, आजीने, मामाने, कोणीही भरावेत. त्यावर प्रकल्पाची भर. खर्च पुढच्या शिक्षणावर किंवा घरच्या छोट्या धंद्यावर करायचा. जोडीला बचतीचे धडे आणि हक्काने बोलता येईल असा मार्गदर्शक. खातेदार मुलांना सातवीच्या परीक्षेत अधिक चांगले गुण मिळाले, पुढे शिकण्याची उमेद वाढली. नंतर ४८ शाळांत झालेल्या ‘ब्रिजेस’ चाचणीत भरलेल्या रकमेइतकी आणि दुप्पट अशी दोन्ही प्रकारची भर घालून पाहिली गेली. केवळ वह्या-पुस्तके आणि समुपदेशन मिळालेल्या मुलांपेक्षा खातेदार मुलांचे मानसिक आरोग्य सुधारलेले दिसले.

गरीब काय शिल्लक टाकणार, हा प्रश्न शहाण्यांचा लाडका. थोडी का होईना, टाकतात. खरी अडचण वेगळीच आहे. ज्याला मामा-काका आहेत त्याच्या खात्यात चार जण पैसे भरतील आणि त्यावर भरही मिळेल; ज्याला कोणीच नाही त्याचे पासबुक कोरेच राहील. म्हणजे सर्वांत एकाकी मुलाला सर्वांत कमी. अशा मुलांसाठी पहिली रक्कम सरकारनेच टाकायला हवी.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. ते महिन्याच्या किराण्यात जिरले, तर दोष कुटुंबाचा नाही. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, हे चांगलेच झाले. पण शाळा सुटते ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी, ठेव बंद असताना. बालसंगोपनाच्या रकमेला हात न लावता, कुटुंबाने मुलाच्या खात्यात भरलेल्या शंभर रुपयांवर सरकारने आणखी शंभर घालावेत आणि दहावीनंतरच्या प्रवेशावेळी ते काढता यावेत, एवढी सोय एखाद्या जिल्ह्यात करून पाहायला हरकत नाही.