लाल ठिपका कुठे गेला?

#धागा : जुन्या विमानांचे रंग आणि संगणकाने रंगवलेला इतिहास 🧵

१९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची क्रमांक १ स्क्वाड्रन तेथून हरिकेन विमाने उडवीत होती. या हरिकेनचे मॉडेल करताना पंखांवर मध्ये लाल ठिपका असलेले ब्रिटिश वर्तुळ, म्हणजेच राउंडेल, रंगवले जाते. ही चूक किरकोळ नव्हे.

जपानी विमानांची खूण लाल गोल हीच होती. क्षणभर दिसलेल्या लाल ठिपक्यापायी आपलेच विमान पाडले जाण्याचा धोका होता. म्हणून अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका काढला, ऑस्ट्रेलियानेही लाल सोडला आणि ब्रह्मदेश आघाडीवर गडद निळ्यात फिकट निळा असे दुरंगी राउंडेल आले. मॉडेलवर तो ठिपका परत आणणे म्हणजे त्या भीतीचा मागमूसच पुसून टाकणे.

‘रंगीत छायाचित्रात तसेच दिसते’ हा युक्तिवाद तर त्याहून तकलादू. मूळ छायाचित्र कृष्णधवल असते आणि त्यातील करडी छटाही फिल्मगणिक बदलते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तो काळा उमटतो; पिवळा काळवंडतो, निळा फिकट पडतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर तोच निळा गडद दिसतो. संगणकाला याचे सोयरसुतक नसते. पूर्वी पाहिलेल्या चित्रांत जे वारंवार आढळले, तेच तो भरतो. या अंदाजाला पुरावा म्हणणारा इतिहासप्रेमी नुसताच प्रेमी उरतो.

पुरावा इतरत्र असतो : रंगासंबंधीच्या लेखी आदेशांत, तारीख ठाऊक असलेल्या छायाचित्रांत आणि अवशेषांच्या पत्र्यांवर. पत्र्यावरील रंग बारीक पॉलिश पेपरने हलके घासला, की एकाखाली एक थर उघडे पडतात. अर्थात ऐंशी वर्षे ऊन-मातीत राहिलेली छटा मूळचीच असेल, असे मानणेही भाबडेपणाचे. शिवाय आदेश निघाला त्याच दिवशी सगळी विमाने रंगून होत नसत. खरी मौज (आणि खरे कष्ट) या मधल्या काळातच असते. म्हणून ‘कोणते विमान?’ यासोबत ‘कोणत्या महिन्यातले?’ हेही विचारावे लागते.

याच आघाडीवरील विमानांच्या पंखांवर नंतर ओळखीसाठी पांढरे पट्टे आले, ते १९४५ च्या सुरुवातीस. इंफाळचा वेढा जुलै १९४४ पूर्वीच उठला होता. त्यामुळे वेढ्यातील हरिकेनवर ते पट्टेही नकोत, मग किटच्या डब्यावरील चित्रात ते कितीही देखणे दिसोत.