चाहत्याला गोळी नको, मैदानाला दरवाजा हवा

“डॉक्टरसाहेब, ह्यांच्या डोक्याचं काहीतरी बघा.” बीपी तपासायला आलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याची बायको त्याच्यासमोरच म्हणाली. तक्रार काय, तर आसपास गौतमी पाटील यांचा कार्यक्रम असला की हे गाडी काढतात. बीपी 130/84. गोळी वेळेवर, झोप चांगली, सोसायटीचं कर्ज फेडलेलं. म्हटलं, “वहिनी, यात आजार कुठला?”

आम्हा शिकलेल्यांना मात्र हे चाहते सरसकट वेडे वाटतात. आमच्याच भागातले, पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व आठवा. त्यांच्या साडीची, केशरचनेची घरंदाज बायका नक्कल करायच्या, पुरुष रात्र रात्र जागायचे. ती रसिकता! आणि उसाला पाणी देऊन आलेल्याने शिट्टी वाजवली की विकृती?

न भेटलेल्या कलाकाराबद्दल जवळीक वाटणं मेंदूला नवं नाही. 1956 मध्ये हॉर्टन आणि वोल यांनी त्याला ‘पॅरासोशल’, म्हणजे एकतर्फी नातं म्हटलं. जपानमध्ये 2005 साली सुरू झालेल्या ‘एकेबी 48’ या मुलींच्या गटाने तर त्यावर धंदाच उभारला. सीडी घ्या, हस्तांदोलन करा. सीडी घ्या, लाडक्या मुलीला मत द्या. एकच सीडी ढिगाने घेणारे प्रौढ नोकरदार तिथे होते. तपासायचंच तर आधी विकणाऱ्याला तपासा.

आजार केव्हा म्हणायचा? कर्ज काढलं, कामधंदा बुडाला, पाठलाग सुरू झाला, ‘ती फक्त माझ्यासाठीच नाचते’ अशी पक्की समजूत झाली, तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. एरवी नाही.

मला खरी भीती वेगळीच वाटते. 2022 मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला त्यांच्या कार्यक्रमात माणसं शाळेच्या कौलांवर चढली, कौलं फुटली, आणि नंतर एक माणूस मृत सापडला. चर्चा कशाची? बाईंच्या हावभावांची. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला अडीचशेहून अधिक भाविक गेले. तिथे कुठला नाच होता? अरुंद वाट होती, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या, आग होती.

गर्दीत माणूस बहुतेकदा तुडवला जाऊन मरत नाही, उभ्या उभ्या गुदमरतो. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते. चहूबाजूंनी दाब आला की ती फुगत नाही आणि काही मिनिटांत मेंदूचा ऑक्सिजन संपतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की धोका सुरू. हात छातीसमोर आडवे धरा, लोंढ्याला विरोध न करता तिरके सरकत कडेला या, पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. पण हे चाहत्याने शिकायचं आणि आयोजकाने काय करायचं?

परवा एका यात्रा कमिटीला विचारलं, बाहेर पडायला वाटा किती? एक. रुग्णवाहिका? “बोलावली की येते.” आणि वर, “डॉक्टर, चेंगरल्याशिवाय गर्दी झाली असं कोण म्हणतंय?”