रातांबा वाचवा, तरच सोलकढी उरेल

सोलकढी आज कुठे मिळत नाही? मुंबई-पुण्याच्या खानावळीत मिळते, लग्नाच्या पंगतीत मिळते, प्लास्टिकच्या बाटलीत भरून दुकानातही मिळते. म्हणून कोकणातली कोकमाची पेयं धोक्यात आहेत असं म्हटलं, की लोकांना ते पटत नाही. त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस कुडाळ, सावंतवाडी, राजापूर, गुहागरकडच्या एखाद्या वाडीत जावं. परसात, व्हाळाच्या कडेला रातांब्याचं, म्हणजेच कोकमाचं झाड उभं असतं. खाली लालभडक फळांचा सडा पडलेला असतो आणि तो वेचायला घरात माणूस नसतो. मग पाऊस येतो आणि सगळं चिखलात जातं. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे.

रातांबा हे सह्याद्रीच्या पश्चिम उताराचं झाड. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि खाली कारवार-मलबारपर्यंत ते आपलं आपण वाढतं. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही या आंबट फळाची नोंद आहे. एवढा जुना हा शेजार आहे. पण आपण त्याची बाग म्हणून लागवड फारशी केली नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातले डोंगर आंब्या-काजूने भरले. रातांबा मात्र आजोबा-पणजोबांच्या काळातल्या जुन्या झाडांवरच राहिला. जागा मोकळी करायची झाली की आधी कुऱ्हाड पडते ती त्याच्यावर, कारण त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. नवं झाड सहज येत नाही. रातांब्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीपासून केलेल्या रोपांतली जवळजवळ निम्मी नर निघतात आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. तोडलेल्या जाणत्या झाडाची भरपाई म्हणूनच सोपी नाही.

खरी अडचण वेळेची आहे. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये, पण भर येतो तो मेच्या उत्तरार्धात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात उतरला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. भिजलेलं फळ कुजतं, अर्धवट वाळलेल्या सालीवर बुरशी धरते. वर्षभराचं आंबट जे काही साठवायचं, ते त्या दोन-तीन आठवड्यांच्या कडक उन्हात.

आणि ते काम सोपं नाही. रातांबे वेचायचे, धुवायचे, पुसायचे, एकेक फोडून साल वेगळी आणि बी-गर वेगळा करायचा. साल खळ्यात वाळत घालायची. गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची, पुन्हा उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. अशी चार-पाच पुटं चढली की काळं, लवचीक, मऊ आमसूल तयार होतं. आम्लाने बोटांची सालपटं निघतात. हे सगळं घरातल्या बायका करत आल्या आणि त्याची मजुरी कुणी मोजली नाही. आज त्या बायका थकल्या आहेत, सुना-मुली मुंबईला किंवा तालुक्याच्या गावी नोकरीला आहेत. या कष्टाचं मोल बाजारात मिळालं नाही, तर पुढची पिढी ते का करील? तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला तरी वाटत नाही.

आपण काय गमावतो आहोत ते नीट पाहा. सालीला मीठ लावून बरणीत ठेवलं की सुटतं ते आगळ. नारळाच्या रसात हे आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली की सोलकढी. सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की साखर विरघळते, दाट रस सुटतो, ते अमृत कोकम. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्यात कालवून, जिरं-मीठ घालून द्यायचं. आणि तिवळ! नारळही न लागणारी. आमसुलं भिजवून कुस्करायची, मीठ, मिरची, वरून हिंगाची फोडणी. गरिबाघरची ही कढी भातावरही चालते आणि जेवणानंतर वाटीने पिताही येते. खानावळीच्या यादीत ती कुठेच नाही. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत आधी विसरली जाईल ती तिवळच. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी द्यायचं हेही याच घरातलं ज्ञान. बियांतून काढलेलं मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावायचं. आज सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांना तेच तेल हवं असतं.

याच्या जागी काय येतं आहे? बीटाने रंगवलेली सोलकढी. लिंबाच्या सत्वात साखर आणि लाल रंग मिसळून केलेलं ‘कोकम’ सरबत. घरी शंका आली तर चमचाभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा. खऱ्या कोकमाचा लाल रंग लगेच पालटून निळसर-काळपट होतो. लाल रंग हलला नाही तर समजून जा. स्वस्त नक्कल विकली जात राहिली, तर खरं आगळ करणारी बाई बाजारातून उठते. तेव्हा पेल्यातली फसवणूक ही सरळ झाडावर पडलेली कुऱ्हाड आहे.

उपाय नाहीत असं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्येच ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तिची फळं बऱ्याच अंशी पावसाआधी हाती येतात. त्यानंतर मोठ्या फळाची ‘कोकण हातीस’ आली. मृदुकाष्ठ कलमं लावली की नर-मादीचा जुगार उरत नाही. परागीभवनासाठी मधे एखादं नर झाड राखलं की झालं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाचा कागद साली वाळवत नाही. त्यासाठी वाडीवाडीत छप्पर असलेलं, उन्हावर चालणारं वाळवणघर हवं, साल फोडायची यंत्रं हवीत, झाडाखाली अंथरायला जाळ्या हव्यात. ग्रामपंचायतींनी आणि बचत गटांनी येत्या हंगामाआधी ही मागणी लावून धरली पाहिजे.

चाकरमान्यांनो, तुमची मे महिन्याची सुटी आणि रातांब्याचा हंगाम एकाच वेळी येतात. गावी गेलात की दोन सकाळी मुलांना घेऊन झाडाखाली बसा, आजीकडून आगळाची बरणी भरायला शिका. परतताना आगळ, आमसूल गावातल्या बाईकडून तिने सांगितलेल्या भावात घ्या, घासाघीस करू नका. खानावळीत सोलकढी मागवताना विचारा, आगळाची आहे की बीटाची? परदेशात राहणाऱ्यांनी वर्षाची आमसुलं गावातूनच मागवावीत. आणि जमिनीचा तुकडा असेल, तर या पावसाळ्यात खात्रीच्या रोपवाटिकेतून रातांब्याची दोन कलमं आणून लावा. असलेलं एकही झाड तोडू देऊ नका.